लवकर उठण्याचा दर

'नंबर लावणे' या आपल्या वाक्प्रयोगात एक गंमत आहे. नंबर लावायला माणूस हजर लागतोच असे नाही. रॉकेलच्या दुकानासमोर डबा नंबर लावी, नळावर घागर लावी, दवाखान्याच्या पायरीवर चपलांचा जोड लावी. वस्तू माणसाच्या वतीने उभी राही आणि बाकीचे ते निमूट मान्य करीत; कारण तो डबा ठेवण्यासाठी कुणीतरी पहाटे उठून तिथवर आलेले आहे, एवढे सर्वांना ठाऊक असे. डब्यामागे एक झोपमोड होती. एका अमेरिकन विमान कंपनीने या झोपमोडीतून सुटका विकायला काढली. २००९ पासून ती जवळजवळ सोळा वर्षे विकली गेली आणि तिचे नाव होते 'अर्लीबर्ड चेक-इन'. हा विषय अर्थशास्त्रवाल्यांचा, भाषा-साहित्याच्या माणसाने त्यात का पडावे, असे कुणी म्हणेल. माझ्या मते मात्र येथे खरी फेरफार झाली ती 'आधी' या शब्दाच्या अर्थात.

ही कंपनी म्हणजे साउथवेस्ट एअरलाइन्स. १८ जून १९७१ रोजी डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळावरून तिची विमाने ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओकडे उडू लागली. स्वस्त तिकीट, सगळ्या विमानात एकच वर्ग, आणि कुणालाही ठरवून दिलेली जागा नाही. आत शिरावे, रिकामी दिसेल त्या सीटवर बसावे. १९७२ साली पैशाच्या ओढाताणीत चारांपैकी एक विमान विकावे लागले, तेव्हा उरलेल्या तिनांवर चारांचे वेळापत्रक चालवण्यासाठी विमान जमिनीवर दहाच मिनिटे थांबवण्याची शर्थ कंपनीने केली. आपला सीट क्रमांक शोधत कुणी रेंगाळत नाही, ही गोष्ट अशा घाईला सोयीचीच होती. गेटवर प्लॅस्टिकचे क्रमांक छापलेले पत्ते मिळत. जो आधी येईल त्याला लहान क्रमांक. विमानात चढताना पत्ता परत द्यायचा, की तोच पुढच्या उड्डाणाच्या प्रवाशाच्या हाती जाई. त्या पत्त्यांविषयी मी फक्त वाचले आहे, पण मला त्यांचा लळा लागला आहे. आपल्याकडे बँकेत टोकन म्हणून पितळी बिल्ला मिळायचा, त्याच कुळातली ही वस्तू. तिच्यावर एकच गोष्ट लिहिलेली असे: हा माणूस तुझ्या आधी आला.

पुढे पत्ते गेले, छापील पास आले, ए-बी-सी असे तीन गट झाले. नोव्हेंबर २००७ पासून गटातही प्रत्येकाला क्रमांक मिळू लागला. ए १ ते ६०, बी १ ते ६०, उरलेले सी. गेटपाशी क्रमांक लिहिलेले खांब रोवले गेले आणि त्यांच्या आधाराने प्रवासी शाळेतल्या प्रार्थनेला उभे राहावे तसे उभे राहू लागले. हा क्रमांक ठरे तो इंटरनेटवर चेक-इन करण्याच्या क्रमाने, आणि ते दार उघडे बरोबर चोवीस तास आधी. म्हणजे रांग गेटवरून उठून आदल्या दिवशीच्या एका मिनिटात जाऊन बसली.

त्या मिनिटाची गाठ मला एकदा पडली. २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत धाकट्या बहिणीकडे डॅलसला गेलो होतो. तिथून एकट्याने ह्यूस्टनला एका आप्तांकडे जायचे होते. निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी बहिणीने बजावले, "दादा, आज दुपारी बरोबर दोन वाजून दहा मिनिटांनी फोन हातात ठेव. एक मिनिटसुद्धा इकडेतिकडे करू नकोस." दोन वाजून दहा मिनिटांनी मी वामकुक्षीत होतो. जाग आली तेव्हा अडीच होत आले होते आणि मला मिळाला बी ४७. बहीण रागावली. मेव्हणे मात्र हसून म्हणाले, "चार पैसे जास्त भरले असते, तर तुमच्या वतीने कंपनीच जागी राहिली असती."

मेव्हण्यांच्या या वाक्यात सगळी योजना आली. अर्लीबर्डचे पैसे भरले की छत्तीस तास आधी कंपनीचे यंत्र आपोआप तुमचे चेक-इन करून टाकी. सुरुवातीला एका बाजूच्या प्रवासाला दहा डॉलर, २०१८ साली मार्गानुसार पंधरा ते पंचवीस. यात सीट विकत मिळत नसे, ए गटाची हमीही नसे. महाग तिकीटवाले आणि नेहमीचे प्रवासी आणखी पुढे असत. पैसे भरणाऱ्याला मिळे ती एवढीच गोष्ट, की आदल्या दिवशीचे ते मिनिट लक्षात ठेवण्याची जबाबदारी त्याची राहत नसे.

या जागरणाला बाजारात किंमत आहे हे कंपनीच्या आधी दुसऱ्या कुणीतरी ओळखले होते, आणि ती हकिगत सांगण्यासारखी आहे. बोर्डफर्स्ट नावाचा एक छोटा व्यवसाय पाच डॉलर घेऊन साउथवेस्टच्या प्रवाशांच्या वतीने वेळ उघडताच चेक-इन करून देई. अक्षरशः रांगेत डबा ठेवणारा पोऱ्या. साउथवेस्टने त्याच्यावर टेक्सासमधल्या फेडरल कोर्टात दावा लावला. आमच्या संकेतस्थळाच्या अटींनुसार तेथे असा धंदा करता येत नाही, हा कंपनीचा मुद्दा सप्टेंबर २००७ मध्ये कोर्टाने मान्य केला आणि त्या व्यवसायाला मनाई झाली. सप्टेंबर २००९ मध्ये कंपनीने स्वतः तीच गोष्ट दहा डॉलरला विकायला काढली. कायद्याने यात काही गैर नाही. संकेतस्थळ तिचे, विमान तिचे. परंतु दोन वर्षांपूर्वी ज्याला तिने कोर्टात खेचले त्याच कृत्याला आता तिने एक गोंडस नाव दिले होते, आणि आपल्यासारख्यांनी थांबावे ते त्या नावापाशी.

लवकर उठणाऱ्या पक्ष्याला अळी मिळते ही इंग्रजीतली म्हण सर्वांना परिचित आहे. लवकर उठण्याचे माहात्म्य आपल्या घराघरांतही लहानपणापासून ऐकवले जाते. म्हणीतला पक्षी अळीला पात्र ठरतो, कारण तो उठलेला असतो. साउथवेस्टचा अर्लीबर्ड झोपलेलाच राही; उठे ते यंत्र. तरीही श्रेय पक्ष्याच्या नावावर. 'सशुल्क अग्रक्रम' असे साधे नाव देता आले असते. पण त्या नावात पैसा दिसतो आणि म्हणीच्या नावात सद्गुण दिसतो. गुण जाऊन गुणाचे नाव मागे उरले की ते कुठेही चिकटवता येते. वर्गात लक्षणेचे उदाहरण म्हणून मी हे नाव वापरतो. विद्यार्थ्यांना ते 'गंगेवर गवळीवाडा' यापेक्षा लवकर समजते, याचा थोडा विषादही वाटतो. असो.

मायकेल सँडल या अमेरिकन तत्त्वचिंतकाच्या 'व्हॉट मनी कान्ट बाय' या २०१२ सालच्या पुस्तकाचे पहिले प्रकरणच रांग ओलांडण्याविषयी आहे. पैशाने पुढे जाता येऊ लागले की रांगेमागची नीती झिजते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. मला तो पटतो, पण येथे पुरा पडत नाही. आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी मला याच मुद्द्यावर अडवले. त्या म्हणाल्या, "सर, तुमची चोवीस तासांची शर्यत तरी कुठे न्याय्य होती? दोन वाजून दहा मिनिटांनी जी परिचारिका रुग्णाला सलाइन लावत असेल, तिने काय करायचे? तिला पंधरा डॉलर भरायची सोय झाली, हे बरेच नाही का?"

त्यांचे म्हणणे बरोबर होते. मिनिटावर टपून बसण्याची मुभा सर्वांना सारखी नसते. ज्याच्या टेबलावर दिवसभर संगणक उघडा असतो, त्याला ती सहज मिळते. प्लॅस्टिकच्या पत्त्यासाठी तासभर आधी येऊन उभे राहणेही प्रत्येकाला जमणारे नव्हते. तेव्हा पूर्वीची रांग शुद्ध होती आणि पैशाने ती विटाळली, अशी गोष्ट मला सांगायची नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पैसे घ्यायचेच होते, तर सीट विकावी. बिझनेस क्लासचा पडदा निदान प्रामाणिक असतो: पलीकडच्याने जास्त पैसे मोजले आहेत, हे अलीकडच्याला कळते आणि त्यात त्याला स्वतःचा दोष दिसत नाही. अर्लीबर्डमध्ये पडदा नव्हता. जागरण करून मिळवलेला ए ३१ आणि पैसे भरून मिळवलेला ए ३०, दोघे एकाच खांबाला टेकून उभे. क्रमांकाला इतिहास नसतो.

याचा परिणाम मी स्वतःवर अनुभवला. बी ४७ च्या जागी उभे असताना माझ्या मनात एकच विचार होता: मी झोपलो, म्हणून मागे राहिलो. थोडी शरमही वाटत होती. माझ्या पुढच्यांतल्या कित्येकांचे क्रमांक माझी वेळ उघडण्यापूर्वी बारा तास ठरून गेले होते आणि दोन दहाच्या ठोक्याला बोट दाबूनही मी त्यांच्या पुढे जाऊ शकलो नसतो, हे घरी परतल्यावर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले. न भरलेल्या पैशाचे रूपांतर आळसाच्या अपराधभावात झाले होते. विषमता आपण पूर्वीपासून पाहत आलो आहोत. तिचा जाब मागे राहिलेल्याच्या झोपेला विचारला जावा, हे मला अधिक क्रूर वाटते.

आणि एवढी धडपड कशासाठी? बोइंग ७३७ मध्ये एका ओळीत सहा सीटा, त्यांतल्या दोन मधल्या. कोणी कितीही पैसे भरले तरी विमानातल्या एक-तृतीयांश सीटा मधल्याच राहणार आणि भरलेल्या विमानात त्यांवर कुणीतरी बसणारच. फ्रेड हर्श या अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये अशा वस्तूंविषयी लिहिले होते, ज्यांचे मोल त्या इतरांपाशी नसण्यातच असते. सगळ्यांनी अर्लीबर्ड घेतले असते तर कुणीच लवकर ठरले नसते. व्लादिमिर सोरोकिन या रशियन लेखकाची 'रांग' ही १९८५ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी पहिल्यापासून अखेरपर्यंत रांगेत उभ्या असलेल्यांच्या बोलण्याने भरलेली आहे. तिथे लोक आपले आपण क्रमांक वाटतात, पाने भरभरून हजेरी घेतात, आणि जो हजेरीला नसेल त्याचा नंबर जातो. नायक झोपतो तेव्हा लेखक पाने कोरी सोडतो. रांग जाचक आहे, पण ती त्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहून उभी केलेली आहे. ए ३० आणि ए ३१ यांना एकमेकांशी बोलण्याचे कारणच नव्हते.

विमानात मात्र माणसाचा जुना स्वभाव पुन्हा वर येई. एकाने पैसे भरून पुढे जायचे आणि मागून येणाऱ्या घरच्यांसाठी शेजारच्या सीटांवर जाकीट, पिशवी टाकून ठेवायची. कंपनीचा याविषयी स्पष्ट नियम नव्हता. आपसांत मिटवा, असाच पवित्रा. मी आत गेलो तेव्हा चौथ्या-पाचव्या ओळीत मधल्या सीटवर एक स्वेटर पसरलेला होता आणि खिडकीशी बसलेल्या बाई निग्रहाने बाहेर पाहत होत्या. मला एकदम आमच्या गावच्या एसटी स्टँडची आठवण झाली. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत पडायचे आणि रुमालावर जागा मिळायची. भांडणे व्हायची, पण रुमालाच्या मालकाला तो खरोखरच आपण टाकला हे चार माणसांसमोर सांगावे लागे. त्या बाईंना काही विचारावे असे मला वाटले नाही. मी मागे गेलो आणि दोन धिप्पाड गृहस्थांच्या मधे बसलो. तासाभरात आम्ही तिघेही एकाच वेळी ह्यूस्टनला पोचलो.

आता ती मोकळी बैठक इतिहासजमा झाली आहे. जुलै २०२४ मध्ये कंपनीने ठरलेल्या सीटा देण्याचे जाहीर केले आणि २७ जानेवारी २०२६ पासून ते अमलात आले. त्याबरोबर अर्लीबर्डही गेले. पाय पसरायला जास्त जागा असलेली सीट जास्त पैशाला मिळते आणि तसे स्पष्ट लिहिलेले असते. माझी मागणी पुरी झाली, असे म्हणून मी हा विषय सोडणार होतो. पण २८ मे २०२५ पासून काढलेल्या तिकिटांवर, काही अपवाद वगळता, सामानाचे वेगळे पैसे घेणे कंपनीने सुरू केले होते. पूर्वी दोन बॅगा फुकट जात, हा तिचा मोठा अभिमान होता. सामानाला पैसे पडू लागले, की लोक बॅगा हातात घेऊन विमानात चढतात; डोक्यावरचे कप्पे भरतात; आणि सीट ठरलेली असूनही आधी चढण्याला पुन्हा किंमत येते. आधी चढण्याचा हा मान कंपनी वेगळे पैसे घेऊन विकते. परवा फोनवर बहिणीला विचारले, तो कधीपासून घेता येतो? ती म्हणाली, "दादा, निघायच्या बरोबर चोवीस तास आधी."