घरांतील यंत्रें : मुका झालेला संगणक

नाशिककडील एका भगिनींचें पत्र मध्यंतरीं आमच्याकडे आलें. त्यांच्या मामंजींची दृष्टि चार वर्षांपूर्वीं गेली. आयुष्यभर शिक्षकी केलेला माणूस. वाचनावांचून दिवस कसा काढावा हा प्रश्न पडला. तेव्हां धाकट्या दिरांनीं घरांतील जुन्या संगणकावर लिनक्स बसवून त्यांतील ‘ऑर्का’ हा वाचून दाखविणारा प्रोग्राम चालूं करून दिला. तेव्हांपासून मामंजी पत्रें व वर्तमानपत्रें आपलीं आपण ऐकतात आणि उत्तरेंही स्वतः टंकतात. अलीकडे घरांत नवा मॉनिटर आला व त्याच दिवसापासून संगणकाचा आवाज नाहींसा झाला. दीर परगांवीं. दुरुस्तीवाल्यानें मदरबोर्ड बदलण्यास सांगितलें आणि मामंजी म्हणूं लागले, “राहूं द्या, माझ्यासाठीं एवढा खर्च नको.”

डोळसाच्या संगणकाचा आवाज गेला तर गाणें ऐकूं येत नाहीं, एवढेंच. अंध माणसाच्या संगणकाचा आवाज गेला म्हणजे त्याचा पडदाच काळा झाला. दुरुस्तीचे पर्याय तरी तो स्वतः कसे धुंडाळणार? म्हणून हें काम घरांतील डोळसांनीं शिकून घ्यावें, अशा हेतूनें या वेळीं हा विषय घेतला आहे. विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला व जुना संगणक टाकून देण्याऐवजीं त्यावर लिनक्स बसविण्याचा मार्ग पुष्कळांनीं पत्करला. तेव्हां ही अडचण एकाच घराची नव्हे.

प्रथम संगणकाकडे न वळतां स्पीकरकडे वळावें. त्याची वायर मोबाईलला किंवा रेडिओला जोडून तो वाजतो कीं नाहीं हें पहावें. संगणकाच्या मागील बाजूस रंगीत भोंकांची ओळ असते. त्यांपैकीं हिरव्यांत स्पीकरची वायर बसते, गुलाबी माइकसाठीं असतें. झाडलोट करतांना निघालेली वायर घाईनें शेजारच्या भोंकांत बसविली जाते, व पुढें आठ दिवस सर्व कुटुंब संगणकाला दोष देत बसतें!

वायर निर्दोष ठरली म्हणजे आवाजाची वाट समजून घ्यावी. लिनक्समध्यें सर्वांत खालीं, म्हणजे प्रत्यक्ष यंत्राशीं बोलणारा, ‘आल्सा’ नांवाचा भाग असतो. यारोस्लाव किसेला यांनीं १९९८ मध्यें हें काम आरंभिलें व डिसेंबर २००३ मध्यें आलेल्या २.६ क्रमांकाच्या कर्नलबरोबर तें सर्वत्र रूढ झालें. त्याच्या वर एक मध्यस्थ असतो. एकाच स्पीकरवर गाणें, बातम्या व ऑर्काचा आवाज हीं सर्व एकदम यावयाचीं, तर कोणाचें किती मोठें व कोणत्या दारानें बाहेर जावयाचें हें ठरविणारा कोणी तरी पाहिजे. एकत्र कुटुंबांत कारभाऱ्याचें जें काम, तेंच याचें. पूर्वीं हें काम ‘पल्सऑडिओ’ करी. आतां बहुतेक ठिकाणीं विम टायमन्स यांनीं रचलेला ‘पाइपवायर’ करतो. फेडोरा ३४ मध्यें, म्हणजे २०२१ सालीं, त्यानें ही जागा घेतली. इतरांनीं मागाहून त्याचें अनुकरण केलें.

आतां नवा मॉनिटर व मुकेपणा यांचा संबंध पहा. हल्लींचे मॉनिटर एचडीएमआय वायरनें जोडतात आणि या वायरींतून चित्राबरोबर आवाजही जातो. संगणकाच्या दृष्टीनें मॉनिटर हाही एक स्पीकरच. कारभाऱ्यानें नवें दार पाहिलें व सारा आवाज तिकडे वळविला. त्या मॉनिटरला स्पीकर मुळींच नसेल तर आवाज जागच्या जागीं विरतो. यंत्र धडधाकट, प्रोग्राम धडधाकट, आणि घरांत शांतता. सेटिंग्जमध्यें ‘साउंड’ उघडून ‘आउटपुट’ या शब्दासमोर काय निवडलेलें आहे हें पहावें, व एचडीएमआय असेल तेथें अॅनालॉग अथवा लाइन आउट निवडावें. तें नांव यादींत दिसतच नसेल तर ‘पावूकंट्रोल’ हा छोटा प्रोग्राम बसवून घ्यावा. त्यांतील ‘कॉन्फिगरेशन’ या शेवटच्या पानावर प्रत्येक साउंड कार्डाचें ‘प्रोफाइल’ दिसतें. तेथें ‘ऑफ’ किंवा निव्वळ एचडीएमआय असेल तर ‘अॅनालॉग स्टीरिओ’ हें निवडावें. नाशिकच्या भगिनींस आम्हीं टपालानें हेंच कळविलें. त्यांच्या कार्डाचें प्रोफाइल ‘ऑफ’ होतें. तें बदलतांच ऑर्का बोलूं लागला. मदरबोर्डाचे पैसे वांचले व मामंजींनीं उत्तर स्वतः टंकून पाठविलें.

सगळ्यांचेंच काम इतक्यावर भागेल असें नाहीं. तेव्हां टर्मिनल उघडून ‘एप्ले’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहावा, एक जागा सोडून आडवी रेघ व तिला लागून लहान ‘एल’ लिहावा, आणि एंटर दाबावें. संगणकाला माहीत असलेलीं साउंड कार्डें यादीनें येतात. हा क्षण महत्त्वाचा, कारण वाट येथें फुटते. यादींत कार्डाचें नांव आलें, तर कर्नलनें यंत्र ओळखलें आहे व मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला निदान तूर्त तरी बाजूस ठेवावा. मग ‘आल्सामिक्सर’ हा शब्द टंकावा. पडद्यावर उभे स्तंभ दिसतील. प्रारंभीं बहुधा एकच स्तंभ दिसतो, कारण तो कारभाऱ्याचा असतो. एफ-६ दाबून खरें कार्ड निवडावें. मग ‘मास्टर’, ‘फ्रंट’, ‘हेडफोन’ हे स्तंभ प्रकटतात. ज्याच्या पायथ्याशीं दोन ‘एम’ असतील तो बंद आहे. बाणाच्या कळीनें तेथें जाऊन ‘एम’ दाबलें कीं तो खुलतो, व वरच्या बाणानें आवाज चढतो. त्याच ओळींत ‘ऑटो-म्यूट’ असा एक पर्याय कांहीं संगणकांवर असतो. हेडफोन लावला कीं स्पीकर आपोआप बंद करणें हें त्याचें काम. परंतु पुढील भोंक बिघडलें, तर हेडफोन नसतांही तो आहे असें यंत्रास वाटतें व स्पीकर कायमचा गप्प होतो. हा पर्याय ‘डिसेबल्ड’ करून पहावा.

स्तंभ सारे खुले असूनही सेटिंग्जमध्यें ‘डमी आउटपुट’ असे शब्द दिसत असतील तर कारभाऱ्याला कार्ड सांपडलेलें नाहीं. संगणक एकदां बंद करून सुरू केल्यानें हा दोष कित्येकदां जातो.

एप्लेच्या यादींत कार्डच नसेल, तर मात्र प्रकरण खोल. बायॉसमध्यें ऑडिओ बंद केलेला असूं शकतो. तो ‘एनेबल्ड’ करावा. नव्या लॅपटॉपांवर पुष्कळदां फर्मवेअरचा अभाव हें कारण असतें. इंटेलच्या कांहीं यंत्रांना ‘साउंड ओपन फर्मवेअर’ लागतें व तें निराळ्या पॅकेजांत असतें. डेबियननें २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून असलें फर्मवेअर बसविण्याच्या प्रतींतच घातलें आहे. त्यापूर्वींच्या आवृत्तींत तें शोधून आणावें लागे. यंत्र खरोखरच निकामी झालें कीं काय हें ठरविण्याची सर्वांत स्वस्त रीति अशी : दुसरें एखादें लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच संगणक चालूं करावा. त्यांत आवाज आला तर यंत्र निर्दोष. तेथेंही न आला, तरी यूएसबींत बसणारें छोटें साउंड कार्ड कांहीं शें रुपयांत मिळतें. तेवढ्यासाठीं मदरबोर्डाला हात लावणें आम्हांला मान्य नाहीं.

आणखी एक. २००८ च्या सुमारास पल्सऑडिओ नवा असतांना त्यानें लोकांस बराच त्रास दिला व ‘तो काढूनच टाका’ असा उपदेश तेव्हां जिकडे तिकडे लिहिला गेला. तो उपदेश शोधतांना अद्यापि समोर येतो. आज त्याप्रमाणें वागल्यास मध्यस्थच नाहींसा होतो, व कधीं कधीं त्याच्या आधारानें असलेला डेस्कटॉपचा अर्धा भागही. उपायाखालील तारीख पाहिल्याशिवाय तो करूं नये.

गाणें वाजतें पण ऑर्का बोलत नाहीं, अशी तक्रार असेल तर सुपर, ऑल्ट व ‘एस’ या कळा एकदम दाबून पहाव्या. ग्नोम डेस्कटॉपवर त्यानें ऑर्का चालूं-बंद होतो. तरीही तो गप्प राहिल्यास टर्मिनलमध्यें ‘एसपीडी-से’ हा शब्द रोमन अक्षरांत व त्यापुढें कोणताही एक शब्द लिहावा. तो ऐकूं आला तर दोष ऑर्काच्या पसंतींत आहे. न आला तर ऑर्का ज्याच्या तोंडून बोलतो त्या ‘स्पीच डिस्पॅचर’मध्यें. मराठी मजकूर वाचण्यास ‘ईस्पीक एनजी’ हें साधन लागतें. त्याचा स्वर लोखंडी आहे खरा, पण जोडाक्षरें तो बहुतेक ठिकाणीं नीट फोडतो, व चार दिवसांत कानाला त्याची सवय होते. पुढील अंकीं देवनागरी टंकनाच्या कळपाटाविषयीं लिहूं.