खळीवाचूनची चिकटवही

(तृतीय वर्ष, कला)

आमच्या वर्गातील कुणालाही विचारा, "तुझ्याजवळ फोटो किती?" उत्तर हजारांत येईल. पुढे विचारा, "त्यांतला शेवटचा पाहिलेला कोणता?" मग मात्र स्वारी डोके खाजवू लागेल. माझ्या फोनमध्ये तीन वर्षांचे साडेआठ हजार फोटो आहेत. निम्मे फळ्याचे आणि दुसऱ्याच्या वहीचे, बरेचसे 'सुप्रभात'वाल्या गुलाबांचे, आणि उरलेल्यांत आम्ही. उलट आमच्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत सारे मिळून तेवीस फोटो आहेत. लग्न, तीन बाळंतपणे, एक पंढरपूर, एक पूर आणि बाकीचे आयुष्य, सगळे त्या तेविसांत. पण त्यांतला प्रत्येक फोटो तिने शंभर वेळा पाहिला आहे. आता श्रीमंत कोण, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

या साडेआठ हजारांच्या ओझ्याखालून बाहेर पडण्याचा एक मार्ग मला सापडला आहे. त्याला 'डिजिटल स्क्रॅपबुक' म्हणतात. मराठीत चिकटवही हा सुंदर शब्द आहेच. फरक इतकाच की ही वही संगणकावर होते, आणि हिला खळ लागत नाही.

चिकटवहीचे वेड तसे जुने आहे. इंग्लंडात जेम्स ग्रेंजर नावाच्या धर्मोपदेशकाने 1769 साली एक चरित्रग्रंथ छापला. लोकांनी त्यात आपल्या पसंतीची व्यक्तिचित्रे आणून चिकटवायला सुरुवात केली, आणि ती मिळवायला दुसरी पुस्तके कापली! इंग्रजीत त्यावरून क्रियापदही तयार झाले. (ग्रंथालयातील काही पुस्तकांची अवस्था पाहता हा संप्रदाय आपल्याकडेही रुजला आहे, असे वाटते.) मार्क ट्वेन तर या छंदापायी इतका पेटला, की पानांवर आधीच डिंक लावलेल्या चिकटवहीचे पेटंट त्याने 1873 साली घेतले. पान ओले करायचे आणि कागद चिकटवायचा. म्हणजे खळीचा त्रास त्यालाही नकोच होता.

असे असता आमच्या एका सरांनी माझी पाने पाहून विचारले, "यात तुझा हात कुठे आहे?" प्रश्न बिनतोड होता. कागदी वहीला जाडी असते, ती फुगते, तिला वास असतो. हे संगणकाला जमणार नाही, आणि जमते असे म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पण सरांना एक गोष्ट दाखवायची राहून गेली. आमच्या घरी एक जुना आल्बम आहे, पानावर चिकट थर आणि वर प्लॅस्टिकचा पडदा असलेला. एकेकाळी घरोघरी तेच असत. त्यातले फोटो आता निघत नाहीत. ओढावे तर फाटतात, ठेवावे तर पिवळे पडतात. ज्या हातांनी प्रेमाने चिकटवले, त्यांनीच ते बिघडवले. वर्तमानपत्राच्या कात्रणांचे तेच. त्या कागदातील लिग्निनमुळे तो पिवळा पडून चुरतो. संगणकावर मूळ फोटो ट्रंकेतच राहतो. कापाकापी होते ती त्याच्या छबीची. चुकले तर एक कळ दाबून मागे येता येते. माझ्यासारख्या, वर्तुळ कापायला घेतले की अंडे कापणाऱ्या माणसाला ही सोय केवढी वाटते, हे कुशल हातांच्या लोकांना कळायचे नाही.

आता सुरुवात कशी करावी? माझे मत असे की वही करायला बसूच नये. एक पान करावे. एका प्रसंगाचे पाच फोटो निवडावेत, त्यांतले दोन काढून टाकावेत. हे काढून टाकणेच खरे कठीण असते, सहलीच्या चाळीस फोटोंपैकी प्रत्येकात आपण बरे दिसतो.

या छंदाच्या पुस्तकी रीतीप्रमाणे पान बारा इंच चौरस असते, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून 3600 गुणिले 3600 ठिपके. आपल्याला तो चौरस छापून घेणे अवघड आणि महाग. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे चालेल असे ए-फोर पान धरावे: 2480 गुणिले 3508. साधनाला पैसे पडत नाहीत. 'गिंप' नावाची प्रणाली 1996 पासून फुकट मिळते. शिकायला थोडी हट्टी आहे, पण संगणकाच्या प्रयोगशाळेतही ती टाकता येते. ज्याच्याजवळ फक्त फोन आहे त्याने 'कॅनव्हा'वर सुरुवात केली तरी बिघडत नाही.

सारी युक्ती 'लेयर'मध्ये आहे. काचेच्या तावदानांची चळत कल्पावी. तळाच्या काचेवर कागदाचा रंग, वरच्यावर फोटो, त्याच्या वरच्यावर अक्षरे. प्रत्येक काच वेगळी सरकते, म्हणून काही पुसले जात नाही. फोटोखाली किंचित सावली दिली की तो पानावर ठेवल्यासारखा दिसतो. नवशिका ती इतकी गडद देतो की फोटो हवेत तरंगतो. माझे पहिले पान असेच होते, सारे कुटुंब जमिनीपासून वीतभर वर! काम चालू असताना फाइल त्या प्रणालीच्या स्वतःच्या स्वरूपातच ठेवावी. जेपेग ही शेवटी द्यायची प्रत. ती पुनःपुन्हा उघडून साठवली की दर वेळी थोडी झिजते, आणि काचाही एकमेकींना कायमच्या चिकटतात.

या छंदाचा एक बाजार आहे, त्यापासून सावध. तयार कागद, फिती, फुले, बटणे यांचे 'किट' मिळते. काही फुकट, बरेचसे विकत. मीही उतरवून घेतले. मेपलची लाल पाने, भोपळे, बर्फातली घरे. आमच्या गावच्या जत्रेच्या फोटोभोवती मेपलची पाने लावली, तेव्हा खंडोबा कॅनडात गेल्यासारखा दिसू लागला. त्या दिवशी मी किट सोडले. आजीच्या लुगड्याचा काठ खिडकीतल्या उजेडात ठेवून त्याचा फोटो घेतला, त्याची फीत झाली. गोधडीचे टाके, फाटक्या आकाशकंदिलाचा कागद, घरचा हिशेबाचा कागद यांच्याइतके चांगले किट कुणी विकत नाही. एसटीचे तिकीट तर अवश्य घ्यावे, आणि लगेच घ्यावे; यंत्रातून निघणारे हे तिकीट उष्णतेने छापलेले असते, काही महिन्यांत ते कोरे होते. प्रवास झाल्याचा पुरावा खिशातल्या खिशात नाहीसा होतो.

आणखी एक अडचण खास आपली, देवनागरीची. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत भारतीय लिप्यांचा पर्याय निवडला नाही तर वेलांटी भलत्याच अक्षरापुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरे मोडतात. जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर किडेमुंग्या होतो. म्हणून युनिकोड टंकच घ्यावा. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्ता' आणि 'बलू' फुकट आहेत आणि देखणेही. इंग्रजीत 'हॅपी मोमेंट्स' लिहून मोकळे होणाऱ्यांना आता ही सबब उरलेली नाही.

पण टंक चांगला असून काय उपयोग, लिहायलाच कुणी तयार नसेल तर? माझा खरा मुद्दा इथे आहे. या छंदात पानावरच्या लिहिण्याला फार मान आहे, आणि आपण सारे नेमके तेच टाळतो. मीही टाळले होते. ट्रंकेतला एक फोटो मी मन लावून सजवला. नदीच्या घाटावर पाच बायका उभ्या, उजवीकडून दुसरी आजी, वय सोळा-सतरा. आकाराने तो पासपोर्ट फोटोहून थोडाच मोठा, म्हणून इंचाला 600 ठिपक्यांनी स्कॅन केला, डाग पुसले, लुगड्याच्या काठाची चौकट दिली. छापून आजीच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, पान उलटे करून मागे पाहिले, पुन्हा पुढे पाहिले आणि म्हणाली, "छान केलंस. पण नावं कुठायत?"

मला नावे ठाऊक नव्हती. कुणालाच नव्हती. मी तिथेच वही घेऊन बसलो. तिने चार नावे सांगितली. एक तिची चुलत नणंद, एक शेजारची, एक पुढे मुंबईला गिरणीत कामाला गेलेल्याची बायको, आणि ती स्वतः. पाचवीवर बोट ठेवून म्हणाली, "ही... थांब, सांगते."

तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की आधी म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे, संगणकाजवळ नंतर. नाव, गाव, साल आणि फोटो कुणी काढला, एवढे तरी लिहावे. फोनच्या फोटोला तारीख आपोआप चिकटते हे खरे. पण त्या दिवशी सगळे का हसत होते, हे फोनला माहीत नसते.

राहता राहिला जपण्याचा प्रश्न. गेल्या पावसाळ्यात माझा फोन पाण्यात पडला आणि एका सत्राचे फोटो गेले. आता माझ्या प्रती तीन ठिकाणी असतात: संगणकावर, वेगळ्या डिस्कवर, आणि एक घराबाहेर. व्हॉट्सअॅपवरून फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून मागवतो, नाहीतर तो बारीक होऊन येतो. आणि पूर्ण झालेले प्रत्येक पान छापून घेतो. इथे सरांचेही समाधान होते; ते छापील पान हातात धरून बराच वेळ पाहत होते आणि त्यांनी आपल्या कॉलेजच्या दिवसांतला एक फोटो मला आणून दिला आहे. मागे काही लिहिलेले नाही. मी त्यांना परत नेऊन नावे विचारणार आहे.

घाटाच्या पानाची फाइल मी अजून बंद केलेली नाही. गावी गेलो की आजीला विचारतो. दिवाळीत तिने "गंगू" असे नाव सांगितले, आणि संक्रांतीला म्हणाली, "गंगू ही नव्हे, गंगू ती पलीकडची." मी दोन्ही लिहून ठेवले आहे, पाचव्या जागी प्रश्नचिन्हासकट.