अडीचशे कुणी मोजले?

मंगळवारी सकाळी आमच्या गच्चीवर एक वानर येऊन बसलं. कुरडयांच्या बाजेपासून हातभर अंतरावर. मी काठी शोधायला वळलो तर शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, "अहो, काठी दाखवू नका, डूख धरतात ती! लवूळचं विसरलात का?" डूख साप धरतो असं आमच्या लहानपणी होतं. आता खातं वानरांकडे गेलेलं दिसतं.

लवूळचं कसं विसरेन? डिसेंबर 2021, तालुका माजलगाव. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेत होती. वर ना दूध ना पाणी. पिल्लं उपाशी मरायची नाहीतर खाली पडायची. गावात बोललं गेलं की कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, त्याचा हा सूड. मेलेल्या कुत्र्यांचा आकडा अडीचशे. नागपूरहून वनविभागाचं पथक आलं, दोन वानरं पकडून नेली आणि आपला बीड जिल्हा एकदाचा जगभरच्या बातम्यांत झळकला, तोही दुष्काळाशिवाय.

मी शेजाऱ्यांना विचारलं, अडीचशे कुणी मोजले? ते म्हणाले, "पेपरात आलं होतं." पेपरवाल्याला गावानं सांगितलेलं, गाव आता पेपरचा दाखला देतं. (हेही पेपरातच छापून येणार आहे, मला कल्पना आहे.) पिल्लू नेताना लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, ते खरं. पण सूड कुणी पाहिला? तो आपण वरून घातला, कारण नुसतं 'वानर पिल्लू उचलतं' यात गोष्ट होत नाही. सूड म्हटलं की बसस्टँडवर चहा संपेपर्यंत पुरते.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर दोष कावळ्याचा नसतो हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. संस्कृतात त्यालाच काकतालीय न्याय म्हणतात. म्हण सगळ्यांना पाठ आहे. फक्त स्वतःचं वावर आलं की कुणाला आठवत नाही. वावरावरून आमचे साडू आठवले.

साडू केज तालुक्यातले. गेल्या महिन्यात त्यांनी बोअर घेतला. आधी पाणाड्या आणला. तो अनवाणी, तळहातावर आडवा नारळ ठेवून बांधाबांधानं फिरला. लिंबाच्या झाडापाशी नारळ सरळ उभा राहिला. जागेवर दगड, दगडावर हळदकुंकू. रात्री अकराला गाडी आली. बोअरच्या गाड्या दिवसा का येत नाहीत हे मला आजवर कळलेलं नाही. आधी लाल मुरूम उडाला, मग काळ्या पाषाणाची राखेसारखी भुकटी. एकशे ऐंशी फुटांवर भुकटी जराशी ओलसर आली, तर साडूंच्या धाकट्यानं गुलाल काढला. पुढं पुन्हा धूळ. चारशे दहा फुटांवर गाडीवाला म्हणाला, "अजून घ्यायचं का?" साडू काही बोललेच नाहीत. धुळीनं त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

सकाळी पाणाड्याला फोन. तो म्हणाला, पाणी आहेच, गाडी दोन फूट अलीकडं लागली. साडूंना पटलं! पाणी लागलं असतं तर नारळाचं, नाही लागलं तर गाडीवाल्याचं. असा व्यवहार मला एकदा तरी जमायला हवा होता.

न्यायदर्शनात गौतमानं पाच हेत्वाभास सांगितलेत, म्हणजे कारणासारखी दिसणारी, पण कारण नसलेली कारणं. पहिलाच सव्यभिचार. जी खूण पाणी असतानाही दिसते आणि नसतानाही दिसते, तिच्यावरून पाणी ठरवता येत नाही. नारळ लिंबाखाली उभा राहिला होता, चारशे दहा फूट कोरडे असताना. मी हे साडूंना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "दाजी, गौतमाला बोअर घ्यायचा नव्हता."

आपल्याकडचा काळा पाषाण घट्ट. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. भेग नसेल तर नारळ काय करणार? आणि भेग असेल तर नारळाशिवायही पाणी लागतंच. भूजल सर्वेक्षणाच्या माणसाला आधी जागा दाखवा, असं मी सुचवलं होतं. "ते कागद मागतात," साडू म्हणाले. पाणाड्या कागद मागत नाही हे कबूल.

"त्याचे शंभरात नव्वद लागतात," हे साडूंचं शेवटचं अस्त्र. कुणी मोजले? त्यांनी पाच नावं सांगितली. पाचही जणांच्या वावरात मोटार चालू, ऊस उभा. ओला बोअर पाहुण्यांना दाखवायला नेतात. कोरड्यावर दगड ठेवतात आणि लग्नकार्यात विषय काढत नाहीत. मग नव्वदच काय, नव्याण्णवही लागतील.

म्हणून मी ठरवलं की या सदरातून आवाहन करायचं: पाणाड्यानं दाखवलेला ज्यांचा बोअर कोरडा गेला, त्यांनी पत्र पाठवावं. कच्चा मजकूर सौभाग्यवतींनी वाचला. म्हणाल्या, "फक्त कोरडेच बोलावलेत तर शंभरात शंभर कोरडे निघतील. तुमच्यात आणि भावजींत फरक काय?" कुरडया वाळवणाऱ्या बाईनं लेखाची अशी हवा काढल्यावर मी मजकूर दुरुस्त केला. वानर कधी गेलं ते पाहायचं राहूनच गेलं. एक कुरडई कमी आहे म्हणतात.

तर, पाणी लागलेल्यांनीही लिहा, कोरडे गेलेल्यांनीही लिहा. लाजू नका, नाव छापणार नाही. जागा पाणाड्यानं दाखवली की तुम्हीच ठरवली, किती फूट गेलात आणि पाणी किती इंच लागलं, एवढं कळवा. आणि कोरड्या बोअरवर नुसता दगड ठेवू नका, तोंड पक्कं बुजवून घ्या; वावरात लेकरं खेळतात.