बिनब्रेकचे एक्के

काय दोस्तांनो, सायकलचा ब्रेक नीट लागतो ना? ब्रेक नसलेली सायकल घेऊन आई तुम्हाला गल्लीच्या बाहेर जाऊ देणार नाही, आणि बरोबरच आहे तिचं! पण जगात एक खेळ असाही आहे, की त्यातल्या मोटारसायकलला ब्रेक असला तर तिला मैदानातच घेत नाहीत. त्या खेळाचं नाव स्पीडवे.

आमच्या चौथीच्या वर्गात हे सांगितल्याबरोबर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "ब्रेक नाही तं मंग गाडी थांबते कशी?"

शाब्बास! प्रश्न असाच पडायला हवा. स्पीडवेचं मैदान लंबगोल असतं आणि त्याचा रस्ता डांबरी नसून भुसभुशीत असतो. पूर्वी त्यावर जळक्या कोळशाचा चुरा टाकत, आता दगडाची बारीक भुकटी असते. मुठीतली रेस कमी केली की या भुकटीतच गाडीचा वेग मरतो. शिवाय चारही गाड्या एकमेकींना खेटून धावतात. पुढच्याने एकदम करकचून ब्रेक मारला, तर मागचा थेट त्याच्या अंगावर जाईल. म्हणून कोणाच्याच गाडीला ब्रेक नाही!

गाडी ५०० सीसीची, गिअर एकच, आणि टाकीत पेट्रोल नाही तर मिथेनॉल. सगळी वळणं डावीकडे. वळताना मागचं चाक बाहेरच्या बाजूला घसरवायचं, डावा पाय जमिनीवर टेकवायचा आणि हँडल चक्क उजवीकडे धरायचं! म्हणजे गाडी जाते डावीकडे आणि पुढच्या चाकाचं तोंड उजवीकडे. डाव्या बुटाला लोखंडी तळ असतो, नाहीतर एका दिवसात बुटाचा भुगा होईल. असे चार फेरे मारायचे. साधारण एका मिनिटात शर्यत खलास! आपल्या विदर्भातला शंकरपट पाहिलाय ना? बैलजोडी सुटली सुटली म्हणेपर्यंत पट संपलेला असतो. तसंच हे. फरक एवढाच, की पट सरळ असतो आणि हे गोल.

आज या खेळातल्या एका जुन्या संघाची गोष्ट सांगायची आहे. संघ इंग्लंडातल्या मँचेस्टरचा. मँचेस्टर हे नाव नागपूरकरांना परकं नाही. इंग्रजांच्या काळात आपल्या वऱ्हाडातला कापूस बोटीत बसून तिकडच्या गिरण्यांत जायचा. पुढे १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरातच एम्प्रेस मिल सुरू केली, ती गोष्ट वेगळी.

तर या गिरण्यांच्या शहरात बेल व्ह्यू नावाची मोठी बाग होती. त्यात प्राणिसंग्रहालय होतं, पाळणे होते. १८७२ साली या बागेसाठी एडिनबरा शहरातून 'महाराजा' नावाचा हत्ती लिलावात घेतला. त्याने रेल्वेच्या डब्याचं छतच फोडून टाकलं! मग काय, माहुताने त्याला दहा दिवस पायी चालवत मँचेस्टरला आणलं.

स्पीडवेचा खेळ ऑस्ट्रेलियातून इंग्लंडात आला १९२८ साली. त्याच वर्षी बेल व्ह्यू भागातल्या कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर मोटारसायकली धावल्या. मार्च १९२९ मध्ये बागेला लागूनच हाइड रोडवर खास मैदान तयार झालं. इथल्या संघाचं नाव 'बेल व्ह्यू एसेस'. एसेस म्हणजे एक्के, पत्त्यांतले! १९३३ ते १९३६ अशी सलग चार वर्षं या एक्क्यांनी राष्ट्रीय लीग जिंकली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडातली बाकीची बहुतेक मैदानं बंद पडली, तेव्हाही इथे शर्यती चालू राहिल्या.

आता जरा गणित करू. घाबरू नका, सोपं आहे. एका शर्यतीत चार खेळाडू, प्रत्येक संघाचे दोन. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि शेवटच्याला भोपळा. समजा तुमच्या संघातला एक जण जगातला सर्वांत वेगवान आहे. तो प्रत्येक वेळी पहिला येतो, पण त्याचा जोडीदार प्रत्येक वेळी शेवटी राहतो. तुमचे गुण किती? ३ अधिक ०, म्हणजे ३. समोरच्यांचे दुसरा आणि तिसरा नंबर, म्हणजे २ अधिक १. तेही ३! झाली की नाही बरोबरी? एकही शर्यत न जिंकता समोरच्यांनी तुम्हाला अडवलं. म्हणून चांगला खेळाडू पुढे जाताना मागे वळून पाहतो, की माझा जोडीदार कुठे आहे.

या एक्क्यांमधला सर्वांत लाडका एक्का म्हणजे पीटर क्रेव्हन. लिव्हरपूलचा, चणीने अगदी लहान. पण तोल असा, की लोक त्याला तोल सांभाळणारा जादूगार म्हणत. १९५५ आणि १९६२ असा दोनदा तो जगज्जेता झाला.

२० सप्टेंबर १९६३ ला बेल व्ह्यूचा सामना एडिनबरामध्ये होता. शर्यत रंगात आली असताना क्रेव्हनच्या पुढचा खेळाडू पडला. तो समोरच्या संघाचा होता. ब्रेक तर नाहीच. विचार करायला एक क्षणही नाही. क्रेव्हनने गाडी वळवली. पडलेला माणूस वाचला, पण क्रेव्हन कठड्यावर जाऊन आदळला. चार दिवसांनी, २४ सप्टेंबरला तो गेला. तेव्हा तो फक्त २९ वर्षांचा होता. त्या वर्षीची लीग बेल व्ह्यूनेच जिंकली, पण लीग जिंकून देणारा त्यांचा जगज्जेता आता नव्हता.

मुलांनो, मघाशी आपण म्हटलं, चांगला खेळाडू आपल्या जोडीदाराकडे पाहतो. क्रेव्हनला त्या क्षणी समोरच्या संघाचा माणूसही दिसला. गुणांच्या तक्त्यात याला रकाना नाही.

पुढे न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर संघात आला. हा सहा वेळा जगज्जेता झालेला खेळाडू. १९७०, ७१ आणि ७२, तीनही वर्षं लीग बेल व्ह्यूची. सगळं झकास चाललं होतं. पण १९७७ मध्ये प्राणिसंग्रहालय बंद झालं आणि १९८७ मध्ये हाइड रोडचं मैदानही विकलं गेलं. जिथे गाड्या धावायच्या तिथे मोटारींचे लिलाव होऊ लागले.

तुमच्या मोहल्ल्यातल्या खेळायच्या प्लॉटवर एखाद्या सकाळी विटा येऊन पडतात, तेव्हा कसं वाटतं? मँचेस्टरच्या पोरांनाही तसंच वाटलं असेल. मग संघ संपला का? नाही! १९८८ मध्ये एक्के पुन्हा त्या कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर गेले, जिथून १९२८ मध्ये सुरुवात झाली होती. १९९३ मध्ये लीगही जिंकली.

शेवटी २०१६ मध्ये मँचेस्टरात स्पीडवेसाठी नवं कोरं स्टेडियम उभं राहिलं. १९ मार्चला पहिला सामना ठेवला, तोही पीटर क्रेव्हनच्या नावाचा. लोक जमले, दिवे लागले. पण रस्ता धावायला सुरक्षित नाही असं दिसून आलं आणि सामना रद्द झाला! लोक हिरमुसले, चिडलेही. पण ज्याच्या नावाचा सामना होता, तो एका पडलेल्या माणसाला वाचवताना गेला होता. त्याच्या नावाच्या सामन्यात कोणी जायबंदी व्हावं, यापेक्षा सामना न झालेला बरा, नाही का? रस्ता दुरुस्त झाला, शर्यती सुरू झाल्या. २०२२ मध्ये एक्क्यांनी ब्रिटनची सर्वांत वरची लीग पुन्हा जिंकली.

पाहा, जवळपास शंभर वर्षांत खेळाडू बदलले, गाड्या बदलल्या, मैदान बदललं. तरी संघ तोच. का बरं? याचं उत्तर मी सांगणार नाही. संध्याकाळी खेळायला जाल तेव्हा आपल्या टीमकडे नीट पाहा, सापडेल.

आणि हो, बिनब्रेकची गाडी फक्त स्पीडवेच्या मैदानात बरं का! सीताबर्डीच्या गर्दीत नाही.

या वेळचं कोडं: ब्रिटनमध्ये एका सामन्यात १५ शर्यती असतात. कोणी पडलं नाही, कोणी बाद झालं नाही असं धरलं, तर दोन्ही संघांचे मिळून एकूण गुण किती? आणि सामना जिंकायला कमीत कमी किती गुण हवेत? आधी स्वतः सोडवा, मग दादा-ताईला विचारा. उत्तर पुढच्या अंकात!