मेक्सिकोची स्पॅनिश आणि आपली मराठी

मराठी वृत्तपत्रांच्या परदेशविषयक पानांवर मेक्सिको येतो तो बहुधा तीनच निमित्तांनी: अमली पदार्थांच्या टोळ्या, अमेरिकेच्या सीमेवरची भिंत आणि फुटबॉल. २०२० च्या जनगणनेनुसार १२ कोटी ६० लाख लोकवस्तीचा हा देश स्पॅनिश बोलणाऱ्या देशांमध्ये सर्वांत मोठा आहे. तरीही आमच्या साहित्यचर्चेत तो ऑक्टेव्हियो पाझ यांच्या नावापलीकडे क्वचितच जातो. वास्तविक परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या आमच्या पिंगळीच्या शिवारात मेक्सिको कधीचाच येऊन राहिलेला आहे. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा तिकडचा. तिथे तो नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांच्या स्मरणार्थ थडग्यांवर वाहतात. या भागातल्या जुन्या गावरानी कापसाला मागे सारणारा कापूस ज्या प्रजातीचा आहे, तिचे मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत सापडते. आमच्याकडे ज्याला ‘टमाटे’ म्हणतात तो शब्द नाहुआत्ल भाषेतल्या ‘तोमात्ल’चा वंशज. बांधावरचे गाजरगवत तिकडचे आणि ते खाण्यासाठी आणलेला भुंगाही तिकडचाच! वस्तू आल्या, शब्दही आले. पण त्या देशाच्या इतिहासातून जो प्रश्न आपण घ्यायला हवा होता, तो मात्र आलेला नाही. तो प्रश्न भाषेचा आहे आणि मराठीचे अध्यापन करणाऱ्यांनी त्याकडे पाठ फिरवावी असा तो नाही, असे आम्हांस वाटते.

मेक्सिकोकडे आतून पाहिलेला एक मराठी माणूस होऊन गेला. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. तरुणपणी देश सोडून जपानमार्गे अमेरिकेत गेलेले, गदर चळवळीच्या उभारणीत सहभागी असलेले, पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूने ब्रिटिशांशी लढू पाहणारे हे क्रांतिकारक १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापक झाले. मका हा त्यांच्या संशोधनाचा विषय. मक्याच्या रानटी भाईबंदाशी, ‘तेओसिंते’शी, त्यांनी केलेल्या संकराच्या प्रयोगांची तिथे वाखाणणी झाली. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषी शाळा काढल्या. तिना मोदोत्ती यांनी त्यांच्या कामाची छायाचित्रे घेतली आणि दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना भाकरी वाटणाऱ्याच्या रूपात रंगवले. पुढे ते भारतात परतले. १९६७ साली नागपूरला त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. आमच्याकडे मात्र त्यांचा उल्लेख ‘विस्मृतीत गेलेला क्रांतिकारक’ एवढ्या एका विशेषणावर भागवला जातो. ते विशेषण वापरण्याचा आता कंटाळा यायला हवा.

खानखोजे ज्या मेक्सिकोत पोहोचले तो क्रांतीनंतरचा मेक्सिको होता. १९१० मध्ये क्रांती सुरू झाली. १९१७ च्या राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या कलमाने जमिनीवर राष्ट्राचा मूळ हक्क सांगितला आणि खेड्यांना त्यांच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा मार्ग खुला केला. १९२१ ते १९२४ या काळात होसे वास्कोन्सेलोस शिक्षणमंत्री होते. त्यांनी गावोगावी शाळा आणि ग्रंथालये नेली आणि सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या हाती दिल्या. या सगळ्याचे आम्हांला कौतुक आहे. ते असायलाच हवे. महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे मागितले होते, त्याच्या जवळ जाणारे हे काम होते. पण त्या शाळा स्पॅनिश होत्या. मूळ रहिवाशांची मुले वेगळी ठेवायची नाहीत, सर्वांना एका राष्ट्रात सामावून घ्यायचे, आणि सामावून घेण्याचे साधन म्हणजे स्पॅनिश, असा वास्कोन्सेलोस यांचा आग्रह होता. या आग्रहामागे द्वेष नव्हता, उलट तळमळ होती. म्हणूनच तो अधिक तपासून पाहायला हवा.

एर्नान कोर्तेसने १५२१ मध्ये तेनोच्तित्लान जिंकले, त्यानंतरची पहिली काही दशके रोगराईची आणि संहाराची होती. तरीही त्याच काळात मिशनऱ्यांनी नाहुआत्ल शिकून तिचे व्याकरण आणि कोश तयार केले. बेर्नार्दिनो दे साहागून यांनी स्थानिक विद्वानांच्या साहाय्याने त्या लोकजीवनाचा बारा खंडांचा वृत्तान्त नाहुआत्लमध्ये सिद्ध केला. १५७० मध्ये दुसऱ्या फिलिपने नाहुआत्लला त्या प्रदेशातल्या मूळ रहिवाशांची अधिकृत भाषा मानले. धर्मप्रसाराची सोय हा हेतू उघड होता, पण भाषा टिकली, न्यायालयातल्या कागदांत ती लिहिली गेली. मग १७७० मध्ये तिसऱ्या चार्ल्सचा हुकूम निघाला: या भाषा नामशेष व्हाव्यात आणि सर्वांनी स्पॅनिश बोलावे.

गोव्याचा इतिहास जाणणाऱ्यांना ही चाल ओळखीची वाटेल. फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले. त्यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या पश्चात १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. आणि १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. आधी धर्मासाठी भाषा शिकायची, नंतर राज्यासाठी ती मोडायची, असा हा इबेरियन क्रम. कोकणी मोडली नाही. फर्माने भाषेला सहसा मारू शकत नाहीत.

मेक्सिकोतही ती मारू शकली नाहीत. १८२१ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा निम्म्याहून अधिक लोक मूळच्या भाषांपैकी एखादी बोलत होते. तीनशे वर्षांच्या स्पॅनिश राजवटीनंतरची ही स्थिती आहे. २०२० च्या जनगणनेत अशा लोकांचे प्रमाण तीन वर्षांवरील लोकसंख्येच्या ६.१ टक्के भरले. संख्या ७३ लाखांहून थोडी अधिक. म्हणजे खरी पडझड झाली ती स्वराज्यात, प्रजासत्ताकात, समतेच्या घोषणा होत असताना. मेक्सिकोच्या घटनेत स्पॅनिशला राजभाषा म्हणून घोषित करणारे कलम नाही, हेही लक्षात घ्यावे. तशा कलमाची गरजच पडली नाही.

हे घडले कसे, याचे उत्तर केवळ शाळेत नाही. १८५६ च्या लेर्दो कायद्याने संस्थांच्या सामाईक मालमत्ता मोडीत काढल्या. रोख चर्चच्या जमिनींवर होता, पण मूळ रहिवाशांच्या गावांच्या सामाईक जमिनीही त्यात आल्या. या सुधारणावादी पक्षाचे पुढे सर्वांत मोठे नेते ठरलेले बेनितो हुआरेस स्वतः सापोतेक होते. बाराव्या वर्षी ओआहाका शहरात आले तेव्हा त्यांना स्पॅनिश येत नव्हती. राष्ट्राध्यक्षपदावर पोहोचलेल्या या माणसाविषयी मेक्सिकोत नितांत आदर आहे. पण त्यांच्या पक्षाच्या कायद्याने गावाची जमीन गेली, माणूस हासिएंदाच्या मालकाकडे मजुरीला गेला आणि मालकाची भाषा त्याच्या घरात शिरली. जमिनीपाठोपाठ भाषा जाते, हे आमच्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात फारसे शिकवले जात नाही. ध्वनिपरिवर्तनाचे नियम मात्र पाठ करून घेतले जातात.

यावर विसाव्या शतकाने एक सुंदर कल्पना चढवली. मेक्सिकन माणूस हा स्पॅनिशही नव्हे, इंडियनही नव्हे. तो दोहोंच्या संकरातून जन्मलेला ‘मेस्तिसो’. वास्कोन्सेलोस यांनी १९२५ च्या ग्रंथात या संकराला विश्ववंश म्हटले. पाझ यांनी १९५० मध्ये मेक्सिकन मनाच्या एकाकीपणाचा जो शोध घेतला, त्याच्या मुळाशीही जिंकणारा आणि जिंकली गेलेली यांच्या संबंधाची हीच जखम आहे. पाझ आम्हांला प्रिय आहेत. १९६८ मध्ये त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाल्यावर दिल्लीतले राजदूतपद सोडणारा कवी कुणाला प्रिय होणार नाही? तरी एक गोष्ट खटकते. त्या संकरात एक बाजू सदैव भूतकाळात उभी असते. १९६४ मध्ये मेक्सिको शहरात उघडलेल्या मानववंशशास्त्राच्या भव्य संग्रहालयात अस्तेकांच्या शिळेला मानाचे स्थान आहे. त्याच काळात अस्तेकांची भाषा बोलणाऱ्या मुलाला शाळेत गप्प बसवले जात होते. हुआन रुल्फो यांचे उदाहरण तर विलक्षण आहे. १९५५ मध्ये ‘पेद्रो पारामो’सारखी कादंबरी लिहिणारा हा लेखक नंतर अनेक वर्षे मूळ रहिवाशांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत ग्रंथसंपादन करीत होता. त्यांच्याविषयीची उत्तमोत्तम पुस्तके त्याच्या हातून गेली, पण ती स्पॅनिशमध्ये.

आता घराकडे वळू. मराठवाड्याच्या माणसाला परक्या राजभाषेचे दुःख समजावून सांगावे लागत नाही. हैदराबाद संस्थानात उर्दू ही कारभाराची भाषा, १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तीच. मराठी शाळांसाठी झगडावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ चा आनंद हा भाषेचाही आनंद होता. त्यानंतर मराठी राज्यकर्ती झाली. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने तिला अभिजात दर्जा दिला; पहिलीपासून हिंदी लादण्याचे सरकारी निर्णय लोकांच्या विरोधामुळे २९ जून २०२५ ला मागे घ्यावे लागले. त्या विरोधाशी आम्ही पूर्ण सहमत होतो. लहान मुलाला घरातल्या भाषेत शिकू द्या, तिसऱ्या भाषेचे ओझे घालू नका, हा युक्तिवाद बिनतोड होता.

पण तोच युक्तिवाद जिंतूर तालुक्यातल्या तांड्यावर नेऊन पाहावा. तिथल्या मुलाची घरातली भाषा गोरमाटी आहे. त्याच्यासाठी पहिलीची मराठी हीच दुसरी भाषा असते, इंग्रजी तिसरी. जनगणनेत त्याची भाषा हिंदीच्या पोटात मोजली जाते, म्हणजे आकड्यांतही ती स्वतःच्या नावाने मोठ्या भाषांच्या पंक्तीला बसत नाही. तांड्याच्या बैलांवरून मीठ-धान्य वाहण्याचा व्यवसाय रेल्वेने संपवला, मग वसाहतकालीन कायद्यांचा जाच आला आणि आज दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. लेर्दो कायद्याची गोष्ट इथे वेगळ्या तपशिलांनी घडलेली आहे. वर्गात हे मूल मराठीचे लिंग चुकते. उत्तरपत्रिकेत त्याभोवती लाल गोल होतो आणि शेरा पडतो, ‘अशुद्ध’. शुद्ध कुठल्या व्याकरणाप्रमाणे, हे कुणी विचारीत नाही.

साहित्यातही आम्ही मेक्सिकोच्याच वाटेने चाललो आहोत काय, अशी शंका येते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या पुस्तकांनी मराठी साहित्याची सीमा रुंदावली याबद्दल दुमत नाही. पण समीक्षेने त्यांतला ‘अनुभव’ उचलला. त्यांतल्या संवादांमागे मराठीहून निराळ्या भाषा उभ्या आहेत, त्या भाषांत रचलेली गाणी-कथा आहेत, याकडे पाहिले ते फारच थोड्यांनी. मेक्सिकोत मूळ रहिवाशांविषयी स्पॅनिशमध्ये लिहिलेल्या कादंबऱ्यांची एक मोठी परंपरा आहे. चियापासची पार्श्वभूमी असलेली रोसारिओ कास्तेयानोस यांची १९५७ ची कादंबरी त्यांतली उत्तम. तरी ते ‘त्यांच्याविषयीचे’ साहित्य राहिले. नाहुआत्ल आणि सापोतेकमध्ये लिहिणाऱ्या कवींना वाचक मिळायला शतकाचा शेवट उजाडला.

यावर आमचे काही सहकारी एक आक्षेप घेतात आणि तो हलका नाही. स्पॅनिश ही जेत्यांची भाषा, वीसहून अधिक देशांत पसरलेली. मराठी या मातीची आणि स्वतःच इंग्रजी-हिंदीच्या दडपणाखाली. तिला स्पॅनिशच्या शेजारी उभे करणे अन्यायाचे नाही काय? आणि आतून बोलीबोलींचे हक्क मागू लागलो तर मराठीचीच बाजू दुबळी होणार नाही काय? उगमाचा फरक आम्हांला मान्य आहे. परंतु मेक्सिकोच्या राज्यकर्त्यांनाही उत्तरेकडून दडपण होते. १८४६-४८ च्या युद्धात अमेरिकेने त्यांचा जवळजवळ निम्मा प्रदेश घेतला. एकजूट हवी तर भाषा एक हवी, हा विचार त्या भीतीतूनच बळावला. भाषा एक झाली. उत्तरेकडचे दडपण मात्र तसेच आहे.

आणि दबलेले शांत राहिले असेही नाही. १ जानेवारी १९९४ ला, उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार अमलात आला त्याच दिवशी, चियापासमध्ये सापातिस्तांचा उठाव झाला. त्यानंतर नऊ वर्षांनी, २००३ मध्ये, कायद्याने मूळच्या भाषांना स्पॅनिशबरोबर ‘राष्ट्रीय भाषा’ मानले. आज तिथे ६८ भाषा आणि त्यांचे ३६४ प्रकार सरकारी सूचीत आहेत. २०१९ मध्ये यास्नाया आगिलार हिल ही मिहे भाषेची अभ्यासक संसदेत आपल्या भाषेतून बोलली. भाषा आपोआप मरत नाहीत, त्यांना मारले जाते, असे तिचे म्हणणे होते. कायदा चांगला आहे, पण दोनशे वर्षे उशिरा आलेला.

आपल्याकडे तेवढा उशीर झालेला नाही. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला, तो २०१३ पासून उपलब्ध आहे. एम.ए.च्या बोलींविषयीच्या अभ्यासपत्रिकेत वऱ्हाडी, अहिराणी, कोकणीची तीच ती ठरावीक वैशिष्ट्ये लिहून घेण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेतली एक कथा, वीस गाणी किंवा शेतीची पन्नास नावे लिपीबद्ध करून आणावीत आणि त्याला गुण मिळावेत. परभणीच्या वर्गात गोरमाटी येईल, दखनी येईल, तेलुगूच्या छटा असलेल्या बोली येतील. हे काम कुठल्याही शासननिर्णयाची वाट न पाहता प्रकल्पलेखनाच्या गुणांतून येत्या सत्रातच सुरू करता येईल. परीक्षक कोण, ही अडचण खरी आहे; कारण ती उत्तरे तपासता येतील असे अध्यापक आमच्या मराठी विभागांत आज फार थोडे आहेत, आणि त्यांना नेमताना मराठी एम.ए. बरोबर घरातली भाषा येते का, हे कुणी विचारल्याचे अजून तरी आमच्या ऐकिवात नाही.