न्यूनगंडाचा पुरावा कुठे शोधावा?

गेल्या महिन्यात एका कामानिमित्त हैदराबादेत चार दिवस मुक्काम होता. भालकीची माझी भाची येथील एका विद्यापीठात मानसशास्त्राच्या एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी तिने विषय घेतला आहे तो आपल्याच घरातला : मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलांना खरोखरच न्यूनगंड येतो काय? रात्री जेवताना ती म्हणाली, "मामा, मराठी माध्यमातून शिकलेले मूल अधिक चांगले शिकते, हे जगभरच्या संशोधनाने सिद्ध झाले आहे, असे तुम्ही प्रत्येक सभेत सांगता. त्यांतला एखादा लेख मला द्या ना. संदर्भ म्हणून लावते."

मी निरुत्तर झालो. सुमारे तीस वर्षे वकिली केली. निवाड्याचे नाव, वर्ष आणि पृष्ठ हाताशी असल्याखेरीज न्यायालयात एक वाक्य उच्चारण्याचे धाडस मी करीत नाही. परंतु सीमाभागातील मराठी शाळांविषयी बोलताना 'जगभरचे संशोधन' हे दोन शब्द मी असंख्य वेळा वापरले आणि त्यामागचा एकही मूळ लेख कधी वाचलेला नव्हता. ऐकीव पुराव्याला न्यायालय जी किंमत देते, तीच माझ्या त्या वाक्याची किंमत होती. दुसऱ्या दिवशी भाचीबरोबर ग्रंथालयात गेलो. तेथे तीन तासांत जे कळले, ते आपणा सर्वांच्या उपयोगाचे आहे म्हणून हा लेख.

पहिली अडचण लेख मिळण्याची नव्हती, शब्दाची होती. भाचीने 'न्यूनगंड' या शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द 'इन्फिरिऑरिटी कॉम्प्लेक्स' संगणकात घातला. पडद्यावर आले ते बहुतांशी आल्फ्रेड आडलर यांच्या सिद्धान्ताविषयीचे जुने लेखन. शाळकरी मुलांची चाचणी घेऊन केलेला अभ्यास त्यांत जवळपास नव्हता. ग्रंथपालांनी तिला सांगितले की हा शब्द लोकव्यवहारात टिकला असला, तरी आजचे संशोधक मुलांमध्ये जे मोजतात त्याला 'सेल्फ-एस्टीम' किंवा 'सेल्फ-कन्सेप्ट' म्हणतात. मराठीत आत्मसन्मान आणि स्वसंकल्पना. शब्द बदलताच चित्र पालटले. 'मातृभाषा' या शब्दाचेही तेच. 'मदर टंग' एवढेच शोधले तर थोडे हाती लागते. त्याच गोष्टीला संशोधक 'फर्स्ट लँग्वेज' आणि 'होम लँग्वेज' म्हणतात, आणि शाळेच्या माध्यमाला 'लँग्वेज ऑफ इन्स्ट्रक्शन'. सभेत आपण एका शब्दात जे सांगतो, ते शास्त्राच्या नोंदवहीत चार निरनिराळ्या नावांखाली विखुरलेले असते.

वकिलाला हे समजायला जड जाऊ नये. नागपूरच्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'च्या सूचीत भाडेकरूचा वाद 'भाडेकरू' या एकाच शीर्षाखाली सापडत नाही, हे प्रत्येक कनिष्ठ वकील पहिल्या वर्षीच शिकतो. मानसशास्त्रासाठी अशी व्यवस्था अमेरिकेच्या मानसशास्त्रीय संघटनेने उभी केली. 1927 पासून तिचे 'सायकॉलॉजिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स' हे सारांशांचे नियतकालिक निघत असे. त्यातूनच पुढे 'सायकइन्फो' हा संगणकीय कोश झाला. त्याला जोडून संज्ञांची एक नियत सूची आहे : कोणती संज्ञा ग्राह्य, तिच्याहून व्यापक कोणती, संकुचित कोणती, जुनी कोणती. विद्यार्थ्याने शोध सुरू करण्यापूर्वी ही सूची उघडावी. विद्यापीठाने सायकइन्फोची वर्गणी भरलेली नसेल, तरी शिक्षणविषयक लेखांसाठी 'एरिक' आणि वैद्यकाशी जोडलेल्या लेखांसाठी 'पबमेड' हे दोन्ही कोश विनामूल्य आहेत.

पुढची रीत साधी आहे. प्रश्नाचे तुकडे करावेत : माध्यम, आत्मसन्मान, प्राथमिक शाळेतील मुले. प्रत्येक तुकड्याचे पर्यायी शब्द 'ऑर'ने जोडून कंसात ठेवावेत आणि कंस एकमेकांना 'अँड'ने जोडावेत. दोन शब्दांची संज्ञा अवतरणचिन्हांत घालावी. तज्ज्ञांनी तपासून प्रसिद्ध झालेले लेख तेवढे निवडावेत. आणि काय शोधले, कोणत्या दिवशी शोधले, किती लेख आले याची वहीत नोंद ठेवावी. ही नोंद म्हणजे आमच्या भाषेत पंचनामाच. पुढे कोणी हरकत घेतली तर तीच उपयोगी पडते.

एवढे केल्यावर जे मिळाले, त्याने माझी अधिक परीक्षा पाहिली. आमच्या हाती आलेल्या जुन्या लेखांपैकी एक डी. जे. सेअर यांचा 1923 सालचा, 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी'मधला. वेल्समधील मुलांची पाहणी करून त्यांनी म्हटले होते की ग्रामीण भागातील दुभाषी मुले बुद्धिमापनात एकभाषी मुलांच्या मागे पडतात. वेल्श ही इंग्रजीच्या सावलीत जगणारी भाषा. तिचे बोलणारे म्हणजे तिकडचे सीमावासीच. हा लेख आपल्या विरोधात जाणारा. क्षणभर माझ्यातला वकील म्हणाला, हा कागद फायलीत नकोच. भाची मात्र थांबली नाही. एखाद्या लेखाचा आधार पुढे कोणी कोणी घेतला, हे ग्रंथालयाचे कोश आणि 'गूगल स्कॉलर' दाखवतात. ती साखळी धरून ती 1962 पर्यंत आली. त्या वर्षी एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रियलमधील दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधीच्या अनेक पाहण्यांत घरची आर्थिक-सामाजिक स्थिती नीट जुळवून घेतलेली नव्हती. ती लक्षात घेऊन तुलना केल्यावर दुभाषी मुले मागे नव्हे तर पुढे असल्याचे त्यांना आढळले. अर्थात त्यांनी दोन्ही भाषांवर सारखे प्रभुत्व असलेलीच मुले निवडली, असा आक्षेप त्यांच्यावरही आहे, आणि तोही वाचायला हवा.

साखळीची पुढची कडी तर आपल्याच देशातली निघाली. मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी ओडिशातील कोंध आदिवासी मुलांचा अभ्यास केला. एकाच समाजातली, सारख्याच परिस्थितीतली ही मुले. काहींची कुई भाषा टिकलेली व जोडीला ओडिया आलेली, तर काहींच्या गावांतून कुई लोपून केवळ ओडिया उरलेली. दोन भाषा राखलेली मुले भाषेविषयीच्या जाणिवेच्या आणि बुद्धीच्या अनेक चाचण्यांत सरस ठरली. या संशोधनावरचे त्यांचे पुस्तक 1994 मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय भारतीय भाषा संस्थेने प्रसिद्ध केले. बिदर, भालकी, औराद, निपाणी, बेळगाव येथल्या मराठी मुलाच्या प्रश्नाला याहून जवळचा अभ्यास मी तरी पाहिला नव्हता. इतकी वर्षे तो म्हैसूरला, आपल्या राज्याच्याच ग्रंथालयात होता. मी शोधायला गेलो नव्हतो.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोहंतींचा निष्कर्ष 'केवळ मराठी पुरे' असा नाही. आपली भाषा राखून दुसरी भाषा आत्मसात करणाऱ्या मुलाचे हित त्यातून दिसते. म्हणजे मराठी शाळेत कन्नड व इंग्रजी उत्तम शिकवा, ही मागणी त्यातून निघते. कन्नडचा दुस्वास निघत नाही. मूळ लेख वाचला की आपली घोषणाही दुरुस्त करावी लागते.

हे सारे आताच का, याचे उत्तर कायद्यात आहे. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद 350-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्यास राज्यांना सांगतो. परंतु 2014 मध्ये कर्नाटकाच्या भाषाधोरणाविषयीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की मातृभाषेचे माध्यम राज्याला सक्तीने लादता येणार नाही आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालकानेच ठरवायचे. त्या निर्णयाने कानडीची सक्ती टळली, हे खरे. पण मराठी शाळेचे भवितव्यही त्याने मराठी पालकाच्याच हाती ठेवले. तो पालक 'पोराला न्यूनगंड येईल' म्हणून मराठी शाळेचा दाखला काढतो. त्याला घोषणा पटत नाहीत. त्याला पटेल असा पुरावा हवा आणि तो शोधून देणारा आपला विद्यार्थी हवा.

हा पुरावा मिळवण्याचे दार पूर्वीपेक्षा आज बरेच उघडे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके. शासकीय विद्यापीठे, महाविद्यालये व संशोधन संस्था मिळून 6,300 च्या आसपास संस्थांना त्याचा लाभ आहे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयातला विद्यार्थी मात्र या योजनेबाहेर राहतो, आणि सीमाभागातली आपली पुष्कळ मुले तेथेच शिकतात. त्यांनी निराश होऊ नये. लेखकाने स्वतः खुली ठेवलेली प्रत पुष्कळदा सापडते. लेखकाला नम्रपणे पत्र लिहिले तर अनेक जण प्रत पाठवतात. ग्रंथपालांना विचारल्यास दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येते. छायाप्रतींची भीती बाळगणाऱ्यांसाठी : अध्यापनाच्या ओघात अभ्यासासाठी काढलेल्या प्रतींना कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 चे संरक्षण मिळू शकते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रत प्रकरणात मानले आहे.

दाराच्या अलीकडचा प्रश्न मात्र आपल्या भाषेचा आहे, आणि त्याची आठवण हैदराबादइतकी कोणते शहर करून देईल? 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले ते उर्दू माध्यमाचे म्हणून. त्याच्या आदल्याच वर्षी भाषांतर-विभाग, 'दार-उल-तर्जुमा', स्थापन झाला होता. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखे विद्वान त्यात होते. शास्त्राशास्त्रांच्या संज्ञा ठरवायला समित्या बसत. वहीदुद्दीन सलीम यांनी परिभाषा घडवण्याच्या शास्त्रावरच स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मानसशास्त्राला 'नफ्सियात' म्हणून ते उर्दूत शिकवण्याची सिद्धता त्या काळी झाली. मराठवाड्यातला, बिदरचा मराठी विद्यार्थी त्या विद्यापीठात परक्या माध्यमातून शिकला. संस्थानात मराठीवर झालेला अन्याय विसरण्याजोगा नाही. पण विद्यापीठ काढण्याआधी परिभाषा घडवावी लागते, हा त्या राजवटीचा धडा आपण घेतला नाही, हेही मान्य करायला हवे.

महाराष्ट्रात भाषा संचालनालयाने मानसशास्त्रासह अनेक विषयांचे परिभाषाकोश केले. मराठी विश्वकोशात मानसशास्त्रावरच्या चांगल्या नोंदी आहेत. हे मोठेच काम आहे. त्यापुढचे काम राहिले आहे. 'शोधगंगा' या प्रबंधसंग्रहात मराठीतून लिहिलेले प्रबंधही आहेत; परंतु एखाद्याचे शीर्षक देवनागरीत, एखाद्याचे रोमन लिपीत, कुठे इंग्रजी सारांश आहे, कुठे नाही. 'आत्मसन्मान' शोधणाऱ्याला 'स्वाभिमान' असे शीर्षक दिलेला प्रबंध सापडत नाही. आपण मराठीत ज्ञान निर्माण करतो आणि त्याला नीट नाव-गाव न दिल्याने ते हरवून बसतो. ज्या दस्ताची नोंदणीच झाली नाही, त्यावर पुढे हक्क कसा सांगणार?

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत आणि त्यांतल्या दोन सरकारकडे नाहीत. पहिली, मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाने मराठी व इंग्रजी असे दोन्ही सारांश आणि दोन्ही भाषांतल्या पाच-सहा सूचक संज्ञा जोडाव्यात. विद्यापीठांनी तसा नियम करावा. दुसरी, मानसशास्त्राच्या मराठी प्राध्यापकांनी शोधासाठी उपयोगी अशी लहानशी द्विभाषिक संज्ञासूची करावी : लोकांचा शब्द, परिभाषाकोशातला शब्द आणि संशोधनकोशात चालणारी संज्ञा, अशा तीन स्तंभांची. 'न्यूनगंड'पासूनच सुरुवात करता येईल. तिसरी, हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय, येथील मराठी मंडळे आणि आपल्या सीमाभागातील वाचनालये यांनी वर्षातून एक दिवस पदवीच्या विद्यार्थ्यांना लेख कसा शोधावा हे मराठीतून शिकवावे. एक संगणक, एक ग्रंथपाल आणि सतरंजी एवढे भांडवल त्याला पुरते.

परतीच्या गाडीत बसवून देताना भाचीने मोहंतींच्या एका लेखाची प्रत माझ्या हाती दिली. "मामा, पुढच्या सभेत वर्ष आणि पान सांगा हं," ती म्हणाली. पुढची सभा भालकीलाच आहे. प्रत सोबत आणणार आहे. ज्याला पाहायची त्याने मागून घ्यावी.