पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

गेल्या श्रावणांत एके दिवशीं शाळा सुटल्यावर नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. गृहस्थ एस. टी. मध्यें कंडक्टर आहेत. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्यावर त्यांनीं खिशांतून एका दुकानाचें छापील पत्रक काढून माझ्यापुढें ठेविलें व म्हटलें, "सर, पोरगा ह्या कॅमेऱ्यासाठीं हटून बसला आहे. फोटोचा नाद तुम्हींच लावलात; आतां घ्यावा कीं नाहीं, तेंहि तुम्हींच सांगा." पत्रकांत डीएसएलआर कॅमेरा, दोन लेन्स, पिशवी, ट्रायपॉड व मेमरी कार्ड असा सगळा संच होता आणि त्याचे पैसे १८ हप्त्यांनीं फेडावयाचे होते. घरांत शिल्लक किती आहे, असें मीं विचारलें. "वीस हजार," ते म्हणाले, "बाकीचें कर्ज."

त्यांस मीं जें उत्तर दिलें तें येथें जरा विस्तारानें लिहितों. कारण हाच प्रश्न आमच्या शाळेच्या आणखी पुष्कळ घरांत पडला असेल. उत्तर असें कीं, मुलाला कॅमेरा अवश्य घ्यावा. परंतु तो वापरलेला घ्यावा, रोखीनें घ्यावा, आणि हातांतील रकमेचा एक तृतीयांश भाग लेन्सकरितां बाजूस ठेवावा.

"मोबाईल असतांना कॅमेरा हवाच कशाला?" हा पालकांचा पहिला आक्षेप असतो, आणि तो पोकळ नाहीं. भर उजेडांत काढलेला मोबाईलचा फोटो नवशिक्याच्या कॅमेऱ्यांतील फोटोपेक्षां पुष्कळदां अधिक देखणा दिसतो, हें मीं वर्गांत मुलांसमक्ष कबूल केलेलें आहे. मोबाईल आपल्या मनानें हिशेब करून उजेड-सावली सारखी करून देतो. पण हा हिशेब तो करतो, मुलगा करीत नाहीं. डीएसएलआरमध्यें लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडून वर डोळ्यापाशीं येतो. बटण दाबतांच आरसा वर उचलला जातो, शटर उघडतें, आणि तोच प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. शटर किती वेळ उघडें ठेवावयाचें, लेन्सचें तोंड किती उघडावयाचें, सेन्सर किती संवेदनक्षम करावयाचा, या तीन गोष्टींचा मेळ मुलाला स्वतः घालतां येतो, व चुकला तर चूक लगेच डोळ्यांपुढें दिसते. शिवाय या कॅमेऱ्यांचा सेन्सर २२ ते २४ मिलिमीटर रुंद असतो. सामान्य मोबाईलचा त्याच्या मानानें कित्येक पटींनीं लहान. संध्याकाळीं देवडींत बसलेल्या आजीचा फोटो काढूं गेल्यास हा फरक कोणासहि कळेल. ज्या मुलाला नुसते फोटो हवे आहेत त्याला मोबाईल पुरे. ज्याला फोटो काढणें शिकावयाचें आहे, त्याच्यासाठीं पुढील मजकूर आहे.

आतां बाजाराची गोष्ट. डीएसएलआरचा काळ सरत आला आहे, हें दुकानदार सहसा सांगत नाहीं. कॅनन व निकॉन या दोन मोठ्या कंपन्यांनीं २०२० नंतर एकहि नवा डीएसएलआर काढलेला नाहीं. त्यांचें सारें लक्ष आतां आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांकडे आहे. धंदेवाईक व हौशी मंडळी आपले जुने कॅमेरे विकून तिकडे वळत आहेत. हें ऐकून मुलें हिरमुसलीं होतात. माझ्या मतें आपल्यासारख्यांना याहून चांगली बातमी नाहीं! २०१२ चा निकॉन डी ३२०० आणि २०१४ चा डी ३३०० हे दोन्ही २४ मेगापिक्सेलचे आहेत. २०१६ चा कॅनन १३०० डी हा १८ मेगापिक्सेलचा. शाळेच्या फलकाएवढा फोटो छापावयाचा झाला तरी इतके पुष्कळ झाले. असे कॅमेरे १८-५५ च्या लेन्ससह १२ ते १६ हजारांत देणारीं दुकानें मीं स्वतः पाहिलीं आहेत. मुंबईस फोर्टांतील बोरा बाजारांत तर कॅमेऱ्यांचीं दुकानें एकास एक लागून आहेत.

नवाच हवा असा आग्रह धरून जे अगदीं स्वस्तांतला मॉडेल घेतात त्यांची मला कींव येते. कॅननच्या २०१८ च्या ३००० डी मध्यें लेन्स जेथें बसते तें कडेंसुद्धां धातूचें नसून प्लास्टिकचें आहे. त्यापेक्षां चार वर्षें वापरलेला पण मूळचा बरा कॅमेरा केव्हांहि पत्करला.

दोन लेन्सच्या संचाविषयीं मी जरा कडवटपणें बोलतों. त्याचें कारण माझ्याच घरांतलें आहे. दहा वर्षांपूर्वीं मींहि असाच संच हप्त्यांनीं घेतला होता. त्यांतील लांब पल्ल्याची लेन्स मीं वर्षांतून दोनदां, क्रीडासंमेलनाच्या वेळीं व सहलींत, बाहेर काढीत असें. एरवीं ती चामड्याच्या पेटींत घालून लांकडी कपाटांत कुलपांत ठेविलेली. आमचें गांव समुद्रकांठचें. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पेटी उघडून पाहतों तों आंतील कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू पसरलेले! हप्ते अजून चालूच होते. जपून ठेवणें म्हणजे कोंडून ठेवणें, अशी माझी समजूत होती. चामडें ओल धरून ठेवतें हें कोणीं सांगितलें नव्हतें. आतां माझा कॅमेरा स्वयंपाकघरांतल्यासारख्या एका हवाबंद प्लास्टिकच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह असतो, व आठवड्यांतून एकदां तरी बाहेर येतो. (डब्यास पाहून आमच्या घरीं अजून थट्टा होते.)

मग राखून ठेविलेल्या पैशाची लेन्स कोणती? कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या १८-५५ च्या लेन्सचें तोंड ५५ वर नेलें असतां एफ ५.६ पेक्षां अधिक उघडत नाहीं. एफ १.८ ची लेन्स त्याच्या नऊ-दहा पट प्रकाश आंत घेते. एका ट्यूबलाईटच्या उजेडांत फ्लॅशवांचून माणसाचा चेहरा टिपावयाचा तर या फरकावर सारें अवलंबून आहे. निकॉनवाल्यांस ३५ ची एफ १.८, कॅननवाल्यांस ५० ची एफ १.८, या लेन्स लहान, हलक्या व वापरलेल्या मिळाल्यास आपल्या आटोक्यांतील आहेत. मात्र कॅननवर ५० ची लेन्स आपल्या लहान खोल्यांत अडचणीची होते. भिंतीला पाठ लावून उभें राहावें लागतें. आणि निकॉन घेणाऱ्यानें एक गोष्ट विसरूं नये. डी ३००० व डी ५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांच्या पोटांत फोकस फिरविणारी मोटर नसते. ज्या जुन्या लेन्समध्येंहि ती नाहीं, त्या लेन्स या कॅमेऱ्यांवर बसतात खऱ्या, परंतु फोकस हातानेंच करावा लागतो. "स्वस्तांत देतों" म्हणून नेमक्या ह्याच लेन्स पुढें केल्या जातात.

वापरलेली वस्तु घ्यावयाची म्हणजे पारखून घ्यावयाची. लेन्समधून विजेरीचा झोत टाकून आंत जाळें किंवा धुरकटपणा आहे का तें पाहावें. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहावा. सेन्सरवरील डाग त्यांत दिसतात. शटर किती वेळां उघडलें तो आंकडा निकॉनच्या मूळ फोटोच्या माहितींतच नोंदलेला असतो. डी ३३०० चें शटर एक लाख वेळां चालवून तपासलेलें आहे, असें कंपनीचें म्हणणें. तेव्हां २० हजारांवर फिरलेला कॅमेरा अजून तरुणच समजावा. कॅननच्या साध्या कॅमेऱ्यांत हा आंकडा फोटोंत सांपडत नाहीं, म्हणून तेथें पावती मागावी व रबराची झीज पाहावी. या परीक्षेस जो दुकानदार कुरकुर करील त्याच्या दुकानांतून नमस्कार करून बाहेर पडावें.

राहतां राहिला मुलाचा सर्वांत मोठा मुद्दा, जो त्यानें वडिलांना पटविलाहि होता: "लग्नांचीं कामें घेऊन हप्ते फेडीन." हा मुद्दा मला मुळींच मान्य नाहीं. लग्नाचा फोटो दुसऱ्यांदा काढतां येत नाहीं. तेथें दोन कॅमेरे, दोन फ्लॅश व पुष्कळ वर्षांचा हात लागतो. चौदा वर्षांच्या मुलानें परक्याच्या मांडवांत शिकूं नये, आणि बापानें त्या कमाईच्या भरंवशावर सही करूं नये. माझ्या वडिलांपाशीं आग्फाचा क्लिक-३ होता. एका रोलांत १२ फोटो निघत, आणि ते बारा संपावयास त्यांस कधीं कधीं सहा महिने लागत. त्यांपैकीं निदान आठ आजहि पाहावेसे वाटतात. माझ्या कार्डावरच्या हजारांतून आठ निवडावयाचे तर मला घाम फुटेल.

तर दसऱ्याच्या सुटींत पितापुत्र मुंबईस गेले. पहिल्या दुकानांतील लेन्समध्यें बुरशी निघाली, दुसऱ्यानें विजेरी लावूं दिली नाहीं. तिसऱ्या ठिकाणीं डी ३२०० व १८-५५ ची लेन्स १३,५०० रुपयांस मिळाली. उरलेले पैसे मुलाच्या नांवें पोस्टांत आहेत. नवी लेन्स लगेच घ्यावयाची नाहीं, असें आम्हीं ठरविलें आहे. तीन महिने हीच लेन्स वापरावयाची, आणि प्रत्येक चांगल्या फोटोच्या वेळीं ती १८ पासून ५५ पर्यंत कोणत्या आंकड्यावर होती तें एका वहींत टिपून ठेवावयाचें. गेल्या शनिवारीं त्यानें ती वही मला दाखविली. ३५ च्या आसपास सर्वांत अधिक रेघा आहेत.